दुसऱ्यासाठी शब्द टाकताना

निवडणुकीच्या राजकारणात जी अनेक प्रकारची भाषणे होतात, त्यांत एका नेत्याने दुसऱ्या उमेदवाराला जाहीर पाठिंबा देण्यासाठी केलेले भाषण वरवर पाहता सर्वांत सोपे वाटते, कारण त्यात स्वतःसाठी काही मागायचे नसते आणि चार गौरवाची वाक्ये बोलली की काम भागते, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात वक्तृत्वाच्या दृष्टीने हा प्रकार फार अवघड आहे. उमेदवार स्वतःसाठी मते मागतो तेव्हा बोलणारा आणि लाभ होणारा माणूस एकच असतो आणि श्रोत्यांना ते ठाऊक असते. परंतु पाठिंब्याच्या भाषणात वक्ता, उमेदवार आणि श्रोते असे तिघे असतात, आणि श्रोत्यांचा वक्त्यावर जो विश्वास वर्षानुवर्षांत जमलेला असतो, तो वक्त्याला तेवढ्या वेळापुरता तिसऱ्याच माणसाच्या नावावर करून द्यायचा असतो. कर्जदाराला जामीन राहणाऱ्या माणसासारखी ही स्थिती आहे, कारण कर्ज बुडाले तर जामीनदाराचीही पत जाते आणि जामीनदाराला मुळातच पत नसेल तर त्याच्या सहीला कोणी विचारत नाही. म्हणूनच अशा भाषणाचे वजन त्यातील स्तुतीवरून ठरत नाही. बोलणाऱ्याने स्वतःचे काय पणाला लावले आहे, हे श्रोते मनाशी जोखत असतात आणि त्यावरून ते ठरते.

या प्रकाराचा एक अतिशय जुना आणि संपूर्ण उपलब्ध असलेला नमुना रोमन प्रजासत्ताकातील आहे. इ.स.पू. ६६ मध्ये गायस मॅनिलियस या लोकप्रतिनिधीने असा कायदा मांडला की, आशिया मायनरमध्ये पाँटसचा राजा मिथ्रिडेटिस याच्याशी चाललेल्या युद्धाची सर्व सूत्रे पॉम्पी या सेनापतीकडे द्यावीत. त्या वर्षी प्रेटर, म्हणजे न्यायदानाची जबाबदारी असलेला वरिष्ठ अधिकारी, या पदावर असलेला सिसेरो या कायद्याच्या बाजूने फोरममधील व्यासपीठावरून बोलला. त्या व्यासपीठावरून लोकांच्या सभेपुढे बोलण्याची त्याची ती पहिलीच वेळ होती आणि भाषणाच्या आरंभी त्याने ती गोष्ट स्वतःच सांगितली. इतकी वर्षे न्यायालयात मित्रांचे खटले लढवण्यात गेल्यामुळे या जागी येण्याचे धाडस केले नव्हते, हे त्याचे निवेदन विनयाचे आहेच. पण त्यातून हा माणूस सभा गाजवणारा सराईत पुढारी नाही, विषय महत्त्वाचा म्हणूनच तो आज येथे आला आहे, अशी श्रोत्यांची समजूतही आपोआप होते.

भाषणाची रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे, कारण ज्याच्यासाठी हे सर्व चालले होते त्या पॉम्पीच्या गुणांकडे सिसेरो बऱ्याच उशिरा वळतो. आधी तो युद्धाचे स्वरूप सांगतो, मग युद्ध किती मोठे आहे ते सांगतो, आणि सेनापती कोण असावा हा प्रश्न त्यानंतर घेतो. पहिल्या भागात त्याने श्रोत्यांच्या खिशाला हात घातला आहे. आशिया प्रांतातून येणारा महसूल, तो गोळा करणारे मक्तेदार आणि त्या व्यवहारांत गुंतलेला रोमन नागरिकांचा पैसा यांचे नाते उलगडून दाखवताना, पूर्वी आशियात अनेकांच्या मालमत्ता बुडाल्या तेव्हा खुद्द रोममध्ये देणी थकली आणि पत कोसळली, याची आठवण तो करून देतो. उत्तम सेनापतीला युद्धशास्त्राचे ज्ञान, पराक्रम, लोकांतील दबदबा आणि दैवाची साथ असे चार गुण लागतात, हे तो पुढे मांडतो तेव्हा श्रोत्यांच्या मनात गरज आधीच तयार झालेली असते, आणि त्या गरजेच्या मापाचा माणूस म्हणून पॉम्पी समोर येतो. या चार गुणांचे पुरावेही नुसत्या विशेषणांचे नाहीत. आदल्याच वर्षी समुद्री चाच्यांविरुद्धच्या मोहिमेवर पॉम्पीची नेमणूक झाली त्याच दिवशी धान्याचे भाव एकदम उतरले, हे उदाहरण बाजारहाट करणाऱ्या प्रत्येक श्रोत्याने अनुभवलेले होते, आणि दबदबा हा अमूर्त शब्द त्यामुळे त्याच्या रोजच्या जेवणाशी जोडला गेला.

हॉर्टेन्शियस आणि कॅटुलस या दोन मातब्बर पुढाऱ्यांचा विरोधही सिसेरोने लपवला नाही. सर्व अधिकार एकाच माणसाला द्यायचेच असतील तर पॉम्पीच योग्य आहे, पण असे अधिकार एकाला देणेच अयोग्य, हे हॉर्टेन्शियसचे म्हणणे होते; आणि पुढे प्रजासत्ताकाचे जे झाले ते पाहता ते म्हणणे सिसेरोने दाखवले त्याहून कितीतरी अधिक विचारार्ह होते. सिसेरोने मात्र आदल्या वर्षीही हाच आक्षेप घेतला गेला होता आणि प्रत्यक्ष विजयाने तो खोटा ठरवला, एवढे सांगून तो बाजूला सारला. भाषणाच्या अखेरीस त्याने देवांना साक्षी ठेवून सांगितले की, हे आपण कोणाच्या सांगण्यावरून करत नाही आणि पॉम्पीची मर्जी संपादन करण्याचाही हेतू नाही. कायदा संमत झाला, आणि तीन वर्षांनी, इ.स.पू. ६३ मध्ये, सिसेरो रोमच्या सर्वोच्च म्हणजे कॉन्सलच्या पदावर होता. पाठिंब्याच्या भाषणात वक्त्याला निरपेक्षतेची ग्वाही का द्यावी लागते आणि ती देऊनही तिच्याविषयी शंका का उरते, या दोन्ही गोष्टी या एका उदाहरणात एकत्र सापडतात.

ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने इ.स.पू. चौथ्या शतकात वक्तृत्वाचे तीन प्रकार केले होते: न्यायालयातील भाषण, पुढे काय करावे याचा सल्ला देणारे सभेतील भाषण, आणि गौरव किंवा निंदा करणारे समारंभातील भाषण. पाठिंब्याचे भाषण दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराच्या सीमेवर उभे असते, कारण त्यातील शब्द गौरवाचे असतात आणि हेतू सल्ल्याचा असतो. स्तुती आणि सल्ला यांत फारसे अंतर नाही, वाक्याची ठेवण बदलली की एकाचे दुसऱ्यात रूपांतर होते, हे ॲरिस्टॉटलनेही नोंदवले आहे. मन वळवण्याच्या साधनांत त्याने वक्त्याच्या शीलाला, म्हणजे ज्याला ग्रीकमध्ये ‘ईथॉस’ म्हणतात त्याला, फार मोठे स्थान दिले, आणि या शीलात समज, सचोटी आणि श्रोत्यांविषयीचा सद्भाव असे तीन घटक मानले. पाठिंब्याच्या भाषणात हे शील दोन माणसांचे असते. वक्त्याचे शील श्रोत्यांनी आधीच मान्य केलेले असते, उमेदवाराचे मान्य व्हायचे असते, आणि सारी कारागिरी या दोहोंमधील सांधा दिसू न देण्यात असते.

आधुनिक काळात या प्रकाराला सर्वांत मोठे व्यासपीठ मिळाले ते अमेरिकेतील पक्षांच्या राष्ट्रीय अधिवेशनांत. अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवण्यासाठी ही अधिवेशने १८३० च्या दशकाच्या आरंभापासून भरू लागली आणि त्यांत नाव सुचवणारे एक भाषण व त्याला दुजोरा देणारी आणखी भाषणे अशी प्रथा रूढ झाली. सूचक आणि अनुमोदक ही जोडी मराठी वाचकालाही सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेपासून थेट राष्ट्रपतिपदाच्या उमेदवारी अर्जापर्यंत परिचित आहे. त्या अर्जावर ५० सूचक आणि ५० अनुमोदक लागतात. आपल्याकडे मात्र हे काम बहुधा एका वाक्यात किंवा सहीत उरकते, तर अमेरिकेत त्याचे एक स्वतंत्र वाङ्मयच निर्माण झाले. त्यातील ठरलेला संकेत असा की, उमेदवाराचे नाव अगदी शेवटच्या वाक्यापर्यंत उच्चारायचे नाही. ज्याने अमुक केले तो माणूस, जो तमुक प्रसंगी डगमगला नाही तो माणूस, अशी वाक्यांची माळ गुंफत जायची, उत्कंठा वाढवायची आणि नाव येताच सभागृहात जल्लोष उसळायचा. सर्वांना नाव आधीच ठाऊक असताना ते लांबवण्यात अर्थ काय, असे आज वाटते. पण नावाआधी गुण आले की ते गुण हीच निवडीची कसोटी ठरते आणि नाव त्या कसोटीचे उत्तर म्हणून येते, म्हणजे सिसेरोने जे तीन भागांत साधले तेच येथे एका व्याकरणिक रचनेत साधले जाते.

या प्रथेतला सर्वांत विलक्षण प्रसंग १८८० च्या जूनमध्ये शिकागो येथे रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनात घडला. माजी अध्यक्ष यूलिसिस ग्रँट यांना तिसऱ्यांदा उभे करण्यासाठी रॉस्को काँक्लिंग यांनी यादवी युद्धातील विजयाची आठवण जागवणारे अत्यंत आवेशाचे भाषण केले आणि सभागृह बराच वेळ घोषणांनी दुमदुमत राहिले. त्यानंतर अर्थमंत्री जॉन शेर्मन यांचे नाव सुचवण्यासाठी ओहायोचे जेम्स गारफील्ड उभे राहिले. समोर उसळलेल्या उत्साहाशी बरोबरी करण्याचा प्रयत्न न करता त्यांनी खवळलेल्या समुद्राचे वर्णन केले आणि उंची व खोली मोजली जाते ती लाटांपासून नव्हे, समुद्राच्या शांत पातळीपासून, असे सांगून हा निर्णय या सभागृहातील गलक्यात होणार नाही, देशभरच्या घराघरांतील विचारी मतदार तो करतील, अशा अर्थाची मांडणी केली. प्रतिस्पर्ध्याचे बलस्थान एकही कठोर शब्द न वापरता त्याचा दोष म्हणून दाखवण्याचे हे कौशल्य असामान्य आहे. शेर्मन यांच्या दृष्टीने मात्र ते फार महागात पडले. शांत, समतोल, गटबाजीच्या वर असलेल्या माणसाचे जे चित्र गारफील्ड यांनी रेखाटले, ते श्रोत्यांना बोलणाऱ्यातच दिसू लागले. मतदानाच्या फेऱ्यांमागून फेऱ्या निष्फळ ठरल्या, ३४ व्या फेरीत विस्कॉन्सिनच्या प्रतिनिधींनी गारफील्ड यांनाच मते दिली तेव्हा आपल्या संमतीवाचून कोणी आपले नाव घेऊ शकत नाही असा आक्षेप त्यांनी उभे राहून घेतला, अधिवेशनाच्या अध्यक्षांनी तो फेटाळला, आणि ३६ व्या फेरीत तेच उमेदवार ठरले. त्याच वर्षी ते अमेरिकेचे अध्यक्ष म्हणून निवडून आले.

गारफील्ड यांनी शेर्मन यांचा विश्वासघात केला, असे यावरून म्हणणे अन्यायाचे होईल. पण या प्रकाराच्या घडणीतच एक धोका आहे हे या प्रसंगाने स्पष्ट होते. स्तुतीसाठी वक्ता जे गुण निवडतो ते त्याला स्वतःला मोलाचे वाटणारे गुण असतात, आणि ते मांडताना त्याचा आवाज, संयम व समज श्रोत्यांसमोर साक्षात असते, तर उमेदवार त्या क्षणी केवळ वर्णनात असतो. फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये भरलेल्या डेमोक्रॅटिक अधिवेशनात अल्फ्रेड स्मिथ यांचे नाव सुचवले, तेव्हा पोलिओने पाय निकामी झाल्याला तीन वर्षे होत आली होती. कुबड्यांच्या आधाराने व्यासपीठाच्या मेजापर्यंत ते चालत गेले ती काही पावलेच श्रोत्यांना बोलून गेली. वर्ड्‌स्वर्थ यांच्या एका कवितेवरून स्मिथ यांना आनंदी योद्धा ही उपाधी या भाषणात मिळाली; पण झुंजार आणि प्रसन्न योद्धा म्हणून लोकांच्या डोळ्यांत भरले ते रूझवेल्ट स्वतः. उमेदवारी १०३ फेऱ्यांनंतर तिसऱ्याच माणसाला मिळाली, आणि अध्यक्षपदापर्यंत पोहोचले ते रूझवेल्ट. २७ ऑक्टोबर १९६४ रोजी अध्यक्षपदाचे रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांच्या प्रचारासाठी अभिनेते रोनाल्ड रेगन यांनी दूरचित्रवाणीवर केलेले भाषणही याच वाटेने गेले. त्याचा बहुतेक भाग सरकारची वाढती सत्ता आणि व्यक्तीचे स्वातंत्र्य या विषयाला वाहिलेला होता आणि गोल्डवॉटर यांच्या स्वभावाविषयीचा मजकूर तुलनेने थोडा होता. गोल्डवॉटर यांना अवघी सहा राज्ये मिळाली. रेगन दोन वर्षांनी कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर म्हणून निवडून आले.

याच्या अगदी उलट अवस्था पराभूत प्रतिस्पर्ध्याची असते. काल ज्याच्याविरुद्ध बोलायचे त्याच्यासाठी आज शब्द टाकायचा, आणि तोही स्वतःच्या दुखावलेल्या अनुयायांपुढे, या कसोटीला फार थोडे जण उतरले आहेत. ऑगस्ट १९८० मध्ये एडवर्ड केनेडी यांनी डेमोक्रॅटिक अधिवेशनात केलेले भाषण वक्तृत्व म्हणून आजही वाखाणले जाते, परंतु त्यात जिमी कार्टर यांच्या वाट्याला विजयाबद्दल अभिनंदनाचे एक त्रोटक वाक्य आले आणि भाषणाचा सारा जीव ज्या ध्येयांसाठी केनेडी लढले त्या ध्येयांत राहिला. दोन दिवसांनी व्यासपीठावर दोघांनी हात उंचावून एकजूट दाखवावी अशी अपेक्षा होती. कार्टर केनेडींच्या मागे मागे फिरत राहिले आणि ते छायाचित्र मिळालेच नाही. २०१६ मध्ये क्लीव्हलँड येथील रिपब्लिकन अधिवेशनात टेड क्रूझ यांनी डोनाल्ड ट्रम्प यांचे अभिनंदन केले आणि मतदारांना विवेकबुद्धीनुसार मत देण्यास सांगितले. एरवी कोणत्याही सभेत निरुपद्रवी वाटणारे हे वाक्य तेथे उघड नकार म्हणून ऐकले गेले आणि सभागृहाने त्यांची हुर्यो उडवली, कारण या प्रकारात जे बोलले जात नाही तेही श्रोते मोजत असतात.

बराक ओबामा यांच्याकडून उमेदवारीची लढत हरलेल्या हिलरी क्लिंटन यांची २००८ मधील दोन भाषणे या कसोटीवर उतरलेली म्हणून अभ्यासण्यासारखी आहेत. ७ जूनला वॉशिंग्टनमधील नॅशनल बिल्डिंग म्युझियममध्ये त्यांनी आरोग्यविमा, अर्थव्यवस्था, युद्ध अशा आपल्या प्रचारातील एकेका विषयाची आठवण समर्थकांना करून दिली आणि प्रत्येक विषयाच्या शेवटी, म्हणूनच बराक ओबामा यांना निवडून आणले पाहिजे, हे एकच निष्कर्षवाक्य पुन्हा पुन्हा आणले. वाक्याच्या शेवटी तेच शब्द परत आणण्याच्या या अलंकाराचा येथे नेमका उपयोग असा की, प्रत्येक वेळी वाक्याचा पूर्वार्ध समर्थकांच्या आधीच्या निष्ठेचा असतो आणि उत्तरार्ध नव्या निष्ठेचा. पहिल्या वेळी जो सांधा टोचतो तो पुनरावृत्तीने हळूहळू अंगवळणी पडतो. २६ ऑगस्टला डेन्व्हर येथील अधिवेशनात त्यांनी याहून धाडसी पाऊल टाकले. कर्करोगाशी झुंजणारी आणि विमा नसलेली एकटी आई, उपचारांसाठी ताटकळलेला मरीन दलाच्या टी-शर्टमधला तरुण, किमान वेतनावर राबणाऱ्या आईचा मुलगा, अशी प्रचारात भेटलेली माणसे त्यांनी आधी उभी केली आणि मग समर्थकांना विचारले की, तुम्ही या मोहिमेत केवळ माझ्यासाठी होता, की या माणसांसाठी होता? या प्रश्नाला माझ्यासाठी असे उत्तर कोणताही प्रामाणिक श्रोता देऊ शकत नाही, आणि दुसरे उत्तर मनात देताच त्याची निष्ठा क्लिंटन यांच्यापासून सुटते. आपल्या नावावर जमलेली निष्ठा आपल्याच शब्दांनी सोडवून देणे हे पाठिंब्याच्या भाषणातील सर्वांत कठीण कर्म आहे, आणि येथे ते एका प्रश्नात झाले आहे.

राजकीय घर सोडून दिलेला पाठिंबा वेगळ्या कारणाने ऐकला जातो. २००७ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत शिवसेनेने आपल्या आघाडीचा पाठिंबा असलेल्या भैरोंसिंह शेखावत यांना बाजूला ठेवून प्रतिभा पाटील यांना मराठी व्यक्ती म्हणून पाठिंबा दिला, तेव्हा त्या घोषणेकडे देशाचे लक्ष गेले ते आघाडीची शिस्त मोडण्याची किंमत त्यामागे होती म्हणून. या जातीचे सर्वांत विचारपूर्वक निवेदन १९ ऑक्टोबर २००८ रोजी निवृत्त जनरल कॉलिन पॉवेल यांनी अमेरिकेतील एका दूरचित्रवाणी मुलाखतीत केले. ते रिपब्लिकन होते, अध्यक्ष बुश यांचे परराष्ट्रमंत्री राहिले होते आणि ओबामांचे रिपब्लिकन प्रतिस्पर्धी जॉन मॅकेन यांच्याशी त्यांची जुनी मैत्री होती. इराक युद्धाआधी, फेब्रुवारी २००३ मध्ये, संयुक्त राष्ट्रांपुढे केलेल्या निवेदनामुळे त्यांच्या विश्वासार्हतेला धक्काही लागलेला होता. त्यांनी आधी मॅकेन यांच्याविषयी आदर व्यक्त केला, मग आपल्या अस्वस्थतेची कारणे एकेक करून सांगितली, आणि सर्वांत शेवटी ओबामा यांना मत देणार असल्याचे जाहीर केले. मधल्या टप्प्यावर, ओबामा मुसलमान असल्याच्या अफवेला उत्तर देताना, ते ख्रिस्ती आहेत हे बरोबर उत्तर असले तरी खरे उत्तर वेगळे आहे, ते मुसलमान असते तरी त्यात गैर काय, असे ते म्हणाले. आणि आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत चंद्रकोर व तारा कोरलेल्या एका तरुण सैनिकाच्या थडग्याला डोके टेकून बसलेल्या आईचे छायाचित्र त्यांनी वर्णन करून सांगितले. उमेदवाराच्या बचावासाठी अफवा खोडणे पुरेसे होते आणि निवडणुकीच्या हिशेबाने त्यापुढे जाण्यात तोटाच संभवत होता. तरीही पॉवेल पुढे गेले, त्यामुळे हा माणूस केवळ उमेदवाराचे काम करत नाही हे ऐकणाऱ्याला पटले आणि उमेदवाराविषयीच्या त्यांच्या शब्दालाही त्यामुळेच मोल आले.

पॉवेल यांनी त्यानंतर २०१२ मध्ये पुन्हा ओबामा यांना, २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना आणि २०२० मध्ये जो बायडन यांना पाठिंबा दिला, आणि जानेवारी २०२१ मध्ये आपण आता स्वतःला रिपब्लिकन मानत नाही असे सांगितले. २०२० च्या डेमोक्रॅटिक अधिवेशनातील त्यांचे छोटेखानी भाषण रेखीव होते आणि त्यातील कळकळीबद्दलही शंका घेण्याचे कारण नाही. परंतु २००८ मध्ये पक्षाच्या आतल्या माणसाचा कौल म्हणून जे ऐकले गेले, ते आता आपली बाजू आधीच स्पष्ट केलेल्या माणसाचे मत म्हणून ऐकले गेले, आणि ते कोणत्या बाजूने बोलणार हे श्रोत्यांना त्यांनी बोलायला सुरुवात करण्यापूर्वीच ठाऊक होते.